चिपची जबानी

घनसावंगी तालुक्यातील एका विहिरीवर बसविलेला मोबाईल स्टार्टर वर्षभर इमानाने चाकरी करून नेमका सणासुदीच्या दिवसांतच का बंद पडतो, या कोड्याचा उलगडा करून घेण्यासाठी गेल्या धनत्रयोदशीच्या सकाळी माझा एक जुना विद्यार्थी जालन्यास माझ्या घरी आला. स्टार्टर त्याने स्वतःच्या हाताने बनविलेला, आणि विहीर त्याच्याच वडिलांची. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणजे हातात बॅटरी आणि मनात विंचूकाट्याचे भय घेऊन मोसंबीच्या बागेतून विहिरीपर्यंत जाण्याचा वडिलांचा त्रास चुकावा, या सद्हेतूने त्याने पदविकेच्या अखेरच्या वर्षी हे यंत्र सिद्ध केले होते. फोनवरून एक संदेश पाठविला की मोटार चालू व्हावी आणि दुसरा पाठविला की बंद व्हावी, एवढेच त्याचे काम. ते काम ते करीत असे. पण दसरा आला, दिवाळी आली, निवडणुकीचा हंगाम आला, की एखाद्या रात्री ते मुके होई आणि पेटीचा खटका पाडून पुन्हा उचलल्यावाचून बोलत नसे. 'आमोशाला बंद पडतंय, कुणाची तरी नजर लागली,' हा वडिलांचा निष्कर्ष होता. 'व्होल्टेज पडतंय,' हा गावच्या वायरमनचा. आणि 'सर, प्रोग्राम चाळीस वेळा बदलून टाकला, पण काही कळत नाही,' ही खुद्द कर्त्याची कबुली होती.

या तिघांत वडील सत्याच्या सर्वांत जवळ होते, कारण त्यांनी निदान तिथीची नोंद ठेवली होती. उरलेल्या दोघांनी, त्यांत एक पदविकाधारक असूनही, पाहणी न करताच निवाडा दिला होता. हा दोष त्या मुलाचा नाही, तर ज्यांनी त्याला शिकविले त्यांचा आहे, आणि त्या शिकविणारांत मीही मोडतो, हे प्रथम मान्य करतो. सुमारे तीस वर्षे मी मुलांना मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम कसा घालावा हे शिकविले. घातलेला प्रोग्राम आत जाऊन काय करीत आहे हे कसे पाहावे, ते मात्र फार थोड्यांना शिकविले. दिवा लुकलुकला म्हणजे प्रयोग यशस्वी, आणि न लुकलुकला तर काहीतरी बदलून पुन्हा घालून पाहा, ही आमच्या प्रयोगशाळेची परंपरा. वैद्याने नाडी न पाहता एकामागून एक मात्रा देत जावे आणि रोगी ज्या मात्रेने उठेल तिला निदान म्हणावे, असा तो प्रकार होता.

ही नाडी पाहण्याचे जे साधन आहे त्याला हार्डवेअर डीबगर म्हणतात. काडेपेटीएवढी किंवा त्याहूनही लहान अशी ती एक डबी असते. तिचे एक टोक यू.एस.बी.ने संगणकास जोडावयाचे आणि दुसऱ्या टोकाच्या तीन-चार तारा बोर्डावरील ठरावीक टाचण्यांस जोडावयाच्या. एवढे केले की चालत्या चिपला मध्येच 'थांब' म्हणता येते. प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर ती उभी आहे हे विचारता येते. तिच्या स्मृतीचा कोणताही कोपरा उघडून तेथे या क्षणी कोणता आकडा आहे हे वाचता येते. एक-एक पाऊल टाकीत पुढे नेता येते. आणि, जे मला सर्वांत मोलाचे वाटते, 'या जागेवरील आकड्याला कोणी हात लावला की त्याच क्षणी थांब' असा पहारा बसविता येतो. आपल्या महसुली दप्तराच्या भाषेत बोलावयाचे तर, फिर्याद ऐकून कचेरीतच निकाल न लिहिता गिरदावराने मौक्यावर जाऊन पंचांसमक्ष पाहणी करावी, जबानी घ्यावी आणि पंचनामा करावा, असे हे काम आहे. निजामी राजवटीतून ज्या जिल्ह्यास दप्तराचा शिरस्ता मिळाला, त्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

हे साधन कोठून आले याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. चिपचे पाय जाड आणि मोजके होते, तोवर कारखान्यात तयार बोर्ड तपासण्यासाठी खिळ्यांच्या पाटावर ठेवीत. प्रत्येक खिळा बोर्डाच्या एकेका बिंदूला टेके आणि जोडणी बरोबर आहे की नाही ते सांगे. पुढे पाय केसासारखे बारीक झाले, बोर्डाचे थर वाढले, आणि खिळ्याला टेकावयास जागा उरली नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातील मंडळींनी १९८५ साली एक संयुक्त गट स्थापन केला आणि त्या गटाने सुचविले की बाहेरून खिळा टेकविण्यापेक्षा तपासणीची वाट चिपच्या आतच बांधून ठेवावी. त्या गटाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'जेटॅग' हा शब्द रूढ झाला आणि १९९० साली ती पद्धत आय.ई.ई.ई. ११४९.१ या क्रमांकाने प्रमाण ठरली. मूळ हेतू बोर्डाची जोडणी तपासण्याचा; पण एकदा आत जाण्याची वाट सापडल्यावर चिपच्या मेंदूपर्यंत पोहोचण्यास त्याच वाटेचा उपयोग होऊ लागला. जेटॅगला निदान चार तारा लागत. आर्म या कंपनीने आपल्या लहान चिपांसाठी ते काम दोन तारांवर आणले, एक घड्याळाच्या ठोक्यांची आणि एक माहितीच्या ये-जा करण्याची. ज्या काळी आम्ही इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ या चिपवर हात बसविला, त्या काळी असली सोय त्या चिपच्या पोटात नव्हती. तिच्या जागी सोंग घेऊन बसणारे एम्युलेटर नावाचे यंत्र लागे, आणि त्याची किंमत ऐकूनच प्राचार्य विषय बदलीत. आज तीच सोय काही शे रुपयांत मिळते, आणि तिच्याशी बोलणारे प्रोग्राम तर फुकट आहेत: रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जी.डी.बी., आणि जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे डॉमिनिक रात या विद्यार्थ्याने २००५ साली पदवीच्या प्रबंधासाठी रचलेला ओपन-ओ-सी-डी. एका विद्यार्थ्याचा प्रबंध आज जगभर वापरला जातो, ही गोष्ट आमच्या प्रकल्प-वह्यांच्या गठ्ठ्यांकडे पाहताना मला नेहमी आठवते.

आता त्या सकाळची हकीकत. मुलाच्या बोर्डावर एस.टी.एम.३२ घराण्यातील एफ१०३ ही चिप होती. ६४ किलोबाइट प्रोग्रामसाठी, २० किलोबाइट कामचलाऊ स्मृतीसाठी, आणि सेकंदाला ७ कोटी २० लक्ष ठोक्यांपर्यंत चालणारी. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी, म्हणून सर्वत्र दिसणारी. प्रथम मी त्याला एक नियम घातला: ४१५ व्होल्टची तीन फेजांची पेटी आणि संगणक यांची गाठ कदापि घालावयाची नाही. कॉन्टॅक्टर विहिरीवरच राहू द्यावा. टेबलावर बोर्ड, मोबाईलचे मोड्यूल आणि रिलेच्या जागी एक दिवा, एवढेच पुरे. कारण चिप थांबविली म्हणून जग थांबत नाही; आपण आकडे वाचीत असताना खरी मोटार जोडलेली असेल तर ती ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत धावत राहते.

जोडणीत पहिली चूक नेहमीची झाली. घड्याळाची तार आणि माहितीची तार त्याने नीट जोडल्या, परंतु ग्राउंडची तार जोडावयाची राहिली. मोबाईलच्या मोड्यूलला क्षणभर दोन ॲम्पिअरपर्यंत प्रवाह लागतो, म्हणून त्याला निराळा वीजपुरवठा दिलेला होता. आणि बोर्ड, डबी व मोड्यूल या तिघांची ग्राउंड एक नसेल तर तीन माणसांनी तीन निरनिराळ्या समुद्रसपाट्यांवरून उंची मोजावी तसा गोंधळ होतो. ती तार जोडली, तेव्हा संगणकाने दुसरी तक्रार केली. चिपने आपली ओळख म्हणून जो आठ अंकी क्रमांक सांगितला त्याचा पहिला अंक १ असावयास हवा होता, तो २ निघाला. याचा अर्थ चिप मूळ कंपनीची नसून तिची नक्कल होती. स्वस्त बोर्डांवर अशा नकला पुष्कळ येतात. त्या बहुधा काम करतात, परंतु डीबगरला आगाऊ सांगावे लागते की येणारा गृहस्थ दुसऱ्याच नावाने हजर होणार आहे. मुलाने तो बोर्ड वर्षभर वापरला होता आणि आपल्या हातात अस्सल नसून नक्कल आहे हे त्याला त्या सकाळी प्रथम कळले. पाहणीचा हा पहिला लाभ.

तिसरी अडचण अधिक बोधप्रद होती. सांगितलेला क्रमांक मान्य करूनही डबी चिपशी क्षणभर बोले आणि लगेच संबंध तुटे. कारण शोधता असे दिसले की प्रोग्रामचा सांगाडा तयार करून देणाऱ्या साधनात डीबगचा पर्याय निवडण्याचे त्याच्याकडून राहून गेले होते. त्यामुळे त्याचाच प्रोग्राम सुरू होताक्षणी त्या दोन टाचण्या तपासणीच्या कामातून काढून घेई. म्हणजे घरमालकाने आत शिरताच आतून कडी लावून घ्यावी, तसे. असल्या वेळी चिप मेली असे समजून ती फेकून देणारे मी पाहिले आहेत. वास्तविक उपाय सोपा असतो: रिसेटचे बटण दाबून धरावे, संगणकास जोडणी करण्याची आज्ञा द्यावी आणि मग बटण सोडावे, प्रोग्रामला कडी लावण्याची उसंत मिळण्यापूर्वी डबी आत शिरते. तिसऱ्या प्रयत्नात आम्ही आत शिरलो, सांगाड्यातील तो पर्याय दुरुस्त केला, आणि प्रोग्राममधील पहारेकऱ्यालाही, म्हणजे चिप अडकली असे वाटले तर तिला पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळालाही, चिप थांबविलेली असताना थांबण्याची ताकीद दिली. नाहीतर आपण चौकशीसाठी थांबवावे आणि त्याने मागून धक्का देऊन पुन्हा पळवावे, असा प्रकार चालू राहतो. या सगळ्याला दीड तास लागला. हा दीड तासच बहुतेकांना जड वाटतो आणि म्हणून ते पुन्हा अंदाजाच्या वाटेला लागतात.

मग आम्ही वाट पाहत बसलो. दिवाळीची सकाळ, चिवड्याच्या बशीबरोबर तासभर गेला, आणि अचानक दिवा आज्ञा पाळीनासा झाला. चिप थांबवून पाहिले तर ती अडकलेली नव्हतीच. प्रोग्राम आपल्या फेऱ्या नेमाने घालीत होता. परंतु मोटारीची स्थिती सांगणाऱ्या एका बाइटात ० ते ३ यांपैकी एक अंक असावयास हवा, तेथे ५७ होता. ५७ ही स्थिती प्रोग्रामला ठाऊकच नव्हती. म्हणून तो काहीच न करता पुढे जाई. वर्षभर ज्याला 'हँग होणे' म्हटले गेले ते हँग होणे नव्हते, तर अनोळखी हुकूम आल्यावर कारकुनाने कागद बाजूला ठेवून द्यावा तसे मौन होते.

आता त्या बाइटावर पहारा बसविला. या चिपमध्ये असे चार पहारे, म्हणजे वॉचपॉइंट, बसविता येतात आणि थांबण्याच्या ओळी, म्हणजे ब्रेकपॉइंट, सहा नेमता येतात. गुन्हेगार एकच असेल तर एवढे पुष्कळ झाले. अर्ध्या तासात पहाऱ्याने चिप अडविली ती थेट आलेला संदेश उतरवून घेणाऱ्या ओळीवर. संदेशासाठी राखून ठेवलेली २५६ बाइटांची जागा काठोकाठ भरली होती आणि अक्षरे तिच्या काठावरून सांडून शेजारच्या घरात, म्हणजे मोटारीच्या स्थितीच्या बाइटावर, पडत होती. आणि त्या जागेतील मजकूर पाहिला तर त्यात पुन्हा पुन्हा एकच खूण येत होती: शून्य नऊ, शून्य नऊ, शून्य नऊ.

ती खूण ओळखण्यास मला फार वेळ लागला नाही. युनिकोडमध्ये देवनागरीची वसाहत ०९०० पासून सुरू होते. ह चा क्रमांक ०९३९, व चा ०९३५, ळ चा ०९३३. रोमन लिपीतील संदेश १६० अक्षरांचा असतो आणि मोबाईलचे मोड्यूल तो जसाच्या तसा पुढे देते. परंतु मराठी संदेश आला की, काना-मात्रा वेगळ्या मोजून, त्यात ७० खुणा मावतात आणि मोड्यूल त्यातील प्रत्येक खूण चार-चार अंकाक्षरांत लिहून देते. ७० गुणिले ४ म्हणजे २८०. वर पाठविणाराचा क्रमांक आणि वेळ यांची चाळीस-पन्नास अक्षरे निराळीच. मुलाने १६० ची मोजणी धरून २५६ ची ऐसपैस जागा ठेवली होती. इंग्रजी संदेश तीत मावत. आखूड मराठी संदेशही मावत. पण कोणा पुढाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या दीपावलीच्या लांबलचक हार्दिक शुभेच्छा आल्या की त्या पात्राबाहेर वाहू लागत आणि मोटारीच्या स्थितीवर ५७ लिहून ठेवीत. ५७ हा ९ या अंकाचा आस्की संकेत आहे. म्हणजे मोटार ना नजरेने बंद पडत होती ना व्होल्टेजने. ती मराठीने बंद पडत होती. वडिलांची अमावास्या खरी होती, फक्त तिचे कारण दिवाळीच्या शुभेच्छांत होते.

ही हकीकत मी मौजेखातर सांगितलेली नाही. चाळीस वेळा प्रोग्राम बदलून जे हाती लागले नाही ते एका सकाळी लागले, आणि ते बुद्धी अधिक होती म्हणून नव्हे, तर पाहण्याचे साधन होते म्हणून. शिवाय हा दोष कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडला नसता. तो आमच्या लिपीतून, आमच्या सणातून आणि आमच्या विहिरीवरच जन्मला. आमच्या भूमीवरील यंत्रांचे रोग आमच्याच माणसांना ओळखावे लागतील, आणि त्यासाठी त्यांच्या हातात नाडी पाहण्याचे साधन असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जालन्याला तर हे सांगण्याची गरज पडू नये, कारण या गावाचे दोन्ही मोठे धंदे पाहणीवरच उभे आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या धंद्याचा पाया काय? पिशवीवर शिक्का मारण्यापूर्वी मूठभर दाणे ओल्या कागदावर ठेवून उगवण मोजणे. शंभरांतून किती उगवले हे पाहिल्यावाचून बियाणे विकावयाचे नाही. आणि ज्यांच्यामुळे जालन्याच्या सळईचे नाव महाराष्ट्रभर झाले, त्या भट्ट्यांवर जाऊन पाहावे: वितळलेले पोलाद साच्यात ओतण्यापूर्वी लांब दांड्याच्या पळीने नमुना काढतात, तो प्रयोगशाळेत जातो, कार्बन-मँगनीज किती हे कळते, आणि मगच पुढचे काम. तापलेल्या भट्टीपाशी उभा राहणारा आमचा कामगारही अंदाजाने पोलाद ओतीत नाही. आणि थंड टेबलापाशी बसलेला आमचा पदविकाधारक मात्र अंदाजाने प्रोग्राम ओततो, ही विसंगती लज्जास्पद आहे. ज्या समर्थांचा जन्म याच जिल्ह्यातील जांब गावी झाला त्यांनी प्रचीतीला जे स्थान दिले ते ध्यानात घेता तर ती अधिकच बोचते.

याच्या विरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकले आहेत. पहिला असा की, प्रोग्रामच्या मधूनमधून काही शब्द पडद्यावर छापावयास लावले म्हणजे दोष सापडतो, डीबगर कशाला? साध्या दोषांपुरते हे खरे आहे आणि मीही आयुष्यभर ते केले आहे. परंतु छापणाऱ्या ओळीमुळे प्रोग्रामची गती बदलते, स्मृतीतील घरांची मांडणी बदलते, आणि कित्येकदा ज्या दोषाला धरावयाचे तोच दडून बसतो. साक्षीदाराला प्रश्न विचारण्यापूर्वी त्याचे घर हलविणे योग्य नव्हे. आणि काय छापावे हे ठरविण्यासाठी दोष कोठे आहे याचा अंदाज आधीच असावा लागतो. ज्या बाइटाबद्दल शंकाच आली नाही त्याचा आकडा कोण छापील?

दुसरा आक्षेप असा की, शाळा-महाविद्यालयांत २००५ साली इटलीत जन्मलेल्या अर्डुइनोचे राज्य आहे आणि मुलांना तेवढे पुरते. अर्डुइनोने सामान्य मुलापर्यंत मायक्रोकंट्रोलर पोहोचविला, हे त्याचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याच्या मूळ उनो बोर्डावर डीबगर चालवावयाचा तर रिसेटच्याच टाचणीचा उपयोग करावा लागतो, त्यासाठी बोर्डावरील एक बारीकशी तांब्याची वाट कापावी लागते, आणि काम झाल्यावर चिप पूर्वस्थितीत आणावयाची राहिली तर नेहमीचा प्रोग्रामर तिला ओळखेनासा होतो. इतकी यातायात कोण करणार? म्हणून पहिले वर्ष उनोवर आणि दुसरे वर्ष डीबगची सोय असलेल्या बोर्डावर, अशी पायरी असावी. २०२१ साली चार डॉलरांना बाजारात आलेला रास्पबेरी पाय पिको यासाठी उत्तम आहे, कारण दोन पिको घेतले तर त्यांतील एकच दुसऱ्याचा डीबगर होतो. गरिबाच्या घरी एक भाऊ दुसऱ्याची शिकवणी घेतो तसे.

तिसरा आक्षेप अगदी ताजा. आता प्रोग्राम संगणकच लिहून देतो, मग मुलांनी दोष शोधण्यात आयुष्य का घालवावे? मला वाटते, उत्तर नेमके उलटे आहे. दुसऱ्याने लिहून दिलेल्या खतावर सही करणाराने ते अधिक बारकाईने वाचावयाचे असते. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची निदान आठवण असते. उसन्या प्रोग्रामची जबानी घेण्यावाचून गत्यंतरच नाही. आणि चार तारांपैकी ग्राउंडची सुटली आहे हे त्या लिहिणाऱ्या संगणकाला दिसत नाही.

चौथा आक्षेप मात्र गंभीर आहे. तपासणीची वाट ही चोरवाटही होऊ शकते. तिच्यातून प्रतिस्पर्धी आपला प्रोग्राम उचलून नेईल, म्हणून कारखानदार विक्रीपूर्वी ती कुलूपबंद करतात. या चिपांत तशी सोय आहे, आणि ते कुलूप काढले की आतील प्रोग्राम आपोआप पुसला जातो. कारखानदाराचा हा हक्क मला मान्य आहे. पण त्याच्या पलीकडे शेतकऱ्याचाही एक हक्क आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिच्यापुढील क्षेत्रांत शेतीची अवजारे होती, हे योग्यच झाले. विहिरीवरचा स्टार्टर बंद पडला की तालुक्याच्या गावी त्याला कोणी हात लावू शकत नाही आणि अख्खा बोर्ड बदलावा लागतो, त्या वेळी पाण्याची पाळी जाते आणि मोसंबीची फळगळ होते. प्रोग्राम कुलपात ठेवा. पण कोणता घटक बिघडला एवढे सांगणारी चाचणी दुरुस्ती करणारासाठी उघडी ठेवा, अशी अट सरकारी अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणावर घालता येईल.

देशाने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरच्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली; मुंबईच्या आय.आय.टी.ने 'अजित' नावाचा आपला प्रोसेसर घडविला. सी-डॅकने 'वेगा' घराण्यातील प्रोसेसर तयार केले. या सर्वांचा अभिमान वाटतो. परंतु चिप कोठेही बनली तरी तिचा उपयोग परतूरच्या, भोकरदनच्या, अंबडच्या शेतात व्हावयाचा आहे, आणि तेथे ती अडली तर तिला विचारणारा माणूस तेथेच हवा. असा माणूस कोट्यवधींच्या योजनेतून आपोआप निर्माण होत नाही. तो तालुक्याच्या प्रयोगशाळेत, एका डबीपाशी, एका मास्तराच्या शेजारी बसून तयार होतो.

म्हणून तीन सूचना करतो. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या प्रयोगशाळांत प्रत्येक टेबलावर एक डीबगर असावा. वीस टेबलांचा खर्च एका बऱ्यापैकी संगणकाहून कमी येईल, आणि जिल्हा नियोजन समितीने मनात आणले तर तो एका बैठकीत मंजूर होईल. दुसरी सूचना परीक्षेची. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलाला नवा प्रोग्राम लिहावयास सांगण्याऐवजी मुद्दाम बिघडविलेला बोर्ड हाती द्यावा आणि दोष कोठे, तो कसा पाहिला व त्याचा पुरावा काय, असा एक पानी पंचनामा लिहून घ्यावा. ज्याची परीक्षा होते तेच आपल्याकडे शिकविले जाते, हे मी अनुभवाने जाणतो. तिसरी सूचना भाषेची. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात संगणकविषयक पाठांना मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिला जातो. त्याच धर्तीवर डीबगरची जोडणी, तारांचा क्रम, नकली चिपची ओळख आणि रिसेटची युक्ती यांचे एक छोटे मराठी पुस्तक येथील शिक्षकांनी मिळून लिहावे. 'ब्रेकपॉइंट' आणि 'वॉचपॉइंट' हे शब्द तसेच राहू द्यावेत, मुलांना ते ठाऊक आहेत. त्यांचा अर्थ मात्र मराठीत समजू द्यावा.

त्या स्टार्टरमध्ये आता संदेशासाठी ३६० बाइटांची जागा आहे, आणि त्याहून लांब काही आले तर ते काठावरच तोडण्याची सूचना आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत शुभेच्छांचा पूर चालूच होता; मोटार एकदाही थांबली नाही. जिल्ह्यातील प्राचार्यांना माझी विनंती एवढीच की, या वर्षीच्या खरेदीच्या यादीत त्या डबीची एक ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने घालावी.